चार मिलिमीटरचे दैव

शंभराची नवी नोट १४२ मिलिमीटर लांब आहे, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०. तिन्हींची रुंदी एकच, ६६ मिलिमीटर. ज्यांना दिसते त्यांना या आकड्यांशी काही देणेघेणे नाही. जांभळट, पिवळी आणि राखाडी नोट त्यांना लांबूनच ओळखू येते. पण स्टेशनाच्या जिन्याशी अगरबत्त्या विकणाऱ्या अंध माणसासाठी नोटेची लांबी हाच तिचा रंग. जुन्या मालिकेत शंभराची नोट १५७, पाचशेची १६७ आणि हजाराची १७७ मिलिमीटर होती, म्हणजे दर पायरीला दहा मिलिमीटर. नोट बोटांवर आडवी धरायची, कडेला कड लावायची, पेराच्या पलीकडे किती उरते ते चाचपायचे, असे ते गणित वर्षानुवर्षे हातात मुरलेले होते. नोव्हेंबर २०१६ नंतर नव्या नोटा येत गेल्या आणि दहाचे चार मिलिमीटर झाले. उठावाच्या खुणा आहेत, नाही असे नाही. शंभरावर त्रिकोण, दोनशेवर इंग्रजी एच, पाचशेवर वर्तुळ, शिवाय कडेला तिरक्या रेघा. कोऱ्या नोटेवर त्या बोटाला लागतात. बाजारात फिरून, घामाने मऊ पडलेल्या नोटेवर त्या शोधाव्या लागतात. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने नोट ओळखणारे ‘मनी’ हे ॲप आणले. मोबाइलचा कॅमेरा नोटेसमोर धरला की किंमत बोलून सांगितली जाते. एका हातात माल, दुसऱ्यात नोट आणि तिसऱ्यात मोबाइल. तो तिसरा हात मात्र ॲपबरोबर मिळत नाही.

संध्याकाळी हिशेबात शंभर रुपये कमी भरले, तर त्या विक्रेत्याने कोणाकडे बोट दाखवायचे? आपल्याकडे उत्तर जिभेवर तयार असते: नशीब. डोळे गेले हे नशीब, म्हणून नोट कळली नाही हेही नशीब. या उडीत मधला माणूस सुटून जातो. कोणीतरी नोटेची लांबी ठरवली होती, ती कागदावर लिहिली होती, त्याखाली सही केली होती. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. अधिष्ठान म्हणजे शंकराचार्यांच्या मते शरीर. कर्म जिथे घडते ती जागा, असाही अर्थ काही जण लावतात. करण म्हणजे साधन. भाष्यकारांच्या मनात तिथे मुख्यतः इंद्रिये आहेत, पण पांढरी काठी, ब्रेलची पाटी, चाकाची खुर्ची किंवा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर यांना करण म्हटले तर कोणा भाष्यकाराची हरकत नसावी. दैव या यादीत आहे आणि ते कोणी नाकारत नाही. पण ते पाचवे आहे. आधीच्या चारांचा हिशेब झाल्यावर जे उरते, त्याला दैव म्हणायचे. अपंगत्वाचा विषय निघाला की आपण ही यादी खालून वर वाचू लागतो. दैवापासून सुरुवात करतो आणि बहुधा तिथेच थांबतो. अपंग सामाजिक उद्योजक जे करतात ते माझ्या मते या वाचनाची दुरुस्ती आहे. दैवाच्या खात्यावर परस्पर चढवलेल्या रकमा ते एकेक करून उतरवतात आणि करणाच्या व जागेच्या खात्यावर मांडतात. अनिश्चिततेशी वागण्याची त्यांची रीत ही आहे, आणि सत्काराच्या भाषणांतून जी ‘जिद्द’ ऐकू येते तिच्याशी तिचा संबंध थोडाच आहे.

त्या जिद्दीच्या कौतुकाबद्दल थोडे बोलायला हवे, कारण गोंधळाची सुरुवात तिथून होते. महामारीपासून एक सूर वारंवार ऐकू येतो: जग अनिश्चित झाले आहे, आणि अनिश्चिततेत कसे जगावे हे अपंगांकडून शिकावे, कारण त्यांना त्याची सवय आहे. ऐकायला हे सन्मानाचे वाटते. पण सवय कशाची आहे हे कोणी विचारत नाही. लिफ्ट चालू असेल की नाही, बस थांब्याला टेकून उभी राहील की रस्त्याच्या मध्यावर, बँकेचे ॲप काल चालत होते तसे आज चालेल की नाही, ही ती अनिश्चितता. ती सोसण्यातून शहाणपण येत असेलही. तसे ते तुरुंगवासातूनही येते, म्हणून कोणी तुरुंगाला विद्यापीठ म्हणून अनुदान देत नाही. भाषेनेही इथे हातभार लावला आहे. अंध माणसाला ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणण्याची आपली जुनी रीत. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि तो सरकारी कागदांवर रुळला. अपंग हक्कांसाठी काम करणाऱ्या अनेकांनी त्याला तेव्हाच विरोध केला. अंगात दिव्यता आहे असे एकदा ठरले की जिन्याला कठडा बसवण्याची निकड कमी होते, हे त्यांना कळत होते. (या लेखात मी ‘अपंग’ हाच शब्द ठेवला आहे. त्यात दोष आहेत, पण निदान तो कोणाला खूष करायला घडवलेला नाही.) अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज, १८८१ ते १९१५, तान्हेपणीच दृष्टी गेलेले. त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात आणि त्यांच्या शंभरावर ग्रंथांचा उल्लेख चमत्कारासारखा होतो. ते ग्रंथ झाले कसे? कोणीतरी त्यांना वाचून दाखवले, त्यांनी सांगितले, कोणीतरी लिहून घेतले. वाचक आणि लेखनिक हे त्यांचे करण होते. प्रज्ञा त्यांची स्वतःची होती यात शंकाच नाही, पण वाचून दाखवणाराच मिळाला नाही अशा किती प्रज्ञा त्याच जिल्ह्यात मुक्याने गेल्या असतील, हा प्रश्न ‘चक्षू’ या शब्दाखाली दडून जातो.

अर्थशास्त्राकडे वळले तर हीच विसंगती अधिक लख्ख दिसते. फ्रँक नाइट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला. जिची शक्यता मोजता येते ती जोखीम, तिचा विमा उतरवता येतो. जी मोजताच येत नाही ती अनिश्चितता, आणि ती अंगावर घेण्याचा मोबदला म्हणजे उद्योजकाचा नफा. हे तत्त्व सरळ लावले तर देशातली सर्वांत श्रीमंत माणसे अपंग असायला हवीत, कारण घरातून निघून वेळेवर पोचणे ही साधी गोष्टही ज्याला मोजता येत नाही त्याच्याएवढी अनिश्चितता दुसरा कोण अंगावर घेतो? तसे होत नाही, कारण नाइटच्या हिशेबातली अनिश्चितता निवडलेली आहे. व्यापारी माल उचलतो तो आपल्या मनाने, भाव चढेल असे वाटून; भाव पडला तर नुकसान त्याचे, चढला तर नफा त्याचा. लादलेल्या अनिश्चिततेला नफ्याची बाजूच नसते. लिफ्ट बंद निघाली तर अर्धा दिवस बुडतो; चालू निघाली तर फायदा काय, तर इतरांना जे रोजच मिळते ते आज मिळाले. म्हणून मला वाटते की अपंग माणूस उद्योजक होतो तेव्हा तो अनिश्चिततेत उतरत नाही, ती त्याच्याकडे आधीपासूनच असते. तो एका प्रकारची अनिश्चितता देऊन दुसऱ्या प्रकारची विकत घेतो, आणि हा विनिमय होऊ शकतो की नाही यावर बाकी सगळे ठरते.

महाबळेश्वरचे उदाहरण पाहा. भावेश भाटिया यांची दृष्टी तरुणपणी गेली. मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये ते मेणबत्त्या करायला शिकले, महाबळेश्वरच्या बाजारात हातगाडीवर त्या विकल्या, आणि १९९४ मध्ये ‘सनराइज कँडल्स’ सुरू केले. तिथे काम करणारेही मुख्यतः दृष्टिहीनच आहेत. बातमी म्हणून हे इतक्या वेळा सांगितले गेले आहे की त्यातला कामाचा तपशील कोणी पाहत नाही. दुसऱ्यांना उजेड देणारा अंध माणूस, हे रूपक पत्रकारांना फार आवडते. मला त्याचा कंटाळा आहे. मेणाकडे पाहू. मेण किती तापले आहे हे डोळस माणसालाही डोळ्यांनी कळत नाही. फार तापलेले मेण भरले तर निवताना खड्डा पडतो, कमी तापलेले भरले तर अंगावर वळ्या येतात. दोन्ही दोष बोटाला डोळ्याच्या आधी समजतात. वात मध्यावर आहे की नाही, साच्याची कड नीट बसली की नाही, तळ सपाट आहे की नाही, हे सगळे स्पर्शाचे काम. भाजण्याची भीती आहे, म्हणून भांडे रोज ठरलेल्या जागीच असावे लागते, आणि तशी शिस्त डोळसांच्या कारखान्यातही अपघात टाळतेच. म्हणजे या धंद्यात दृष्टी हे जेवढे आवश्यक करण मानले जाते तेवढे ते नाहीच. ही गोष्ट कोणीतरी करून पाहीपर्यंत दैवाच्या खात्यावर होती. हा व्यवसाय अंधांना जमेल का, या प्रश्नाचे उत्तर शरीराकडे पाहून मिळत नाही; कामाची मोडतोड करून, त्याचा एकेक टप्पा हातात घेऊन मिळते. हे तत्त्वचिंतनच आहे. फक्त ते भट्टीशेजारी होते.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांची गोष्ट मराठी वाचकाला ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनामुळे परिचयाची आहे. ऐन उमेदीच्या वयात कमरेखालचे शरीर लुळे पडले. पुढे, चाकाच्या खुर्चीतूनच स्वतःचा उद्योग सांभाळणाऱ्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने त्यांना दिशा मिळाली. १९८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. वसतिगृह, शाळा, कार्यशाळा झाल्या आणि सिंधुदुर्गात ‘स्वप्ननगरी’ हा काजू प्रक्रियेचा प्रकल्पही झाला. या सगळ्यात मला काजू सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वसतिगृह आणि शाळा म्हटले की लोकांना सेवा आठवते, देणगी आठवते. काजूगराला सेवेची चव नसते. यंदा कोकणात मोहोर कसा आहे, कच्ची बी काय भावाने मिळेल, पावसाळ्यात माल सादळेल का, गर अख्खा किती निघेल आणि पाकळी किती, या काळज्या सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या कोणत्याही काजू कारखानदाराला असतात. त्याच काळज्या चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला असाव्यात, हे स्वातंत्र्याचे एक रूप आहे. त्याआधीची काळजी कोणती होती? आज उचलून कोण नेईल, शौचालयाचे दार खुर्चीएवढे रुंद असेल का. एक अनिश्चितता माणसाला लहान करते. दुसरी त्याला बाजारात इतरांच्या रांगेत उभे करते. पहिली कमी झाल्याशिवाय दुसरी परवडत नाही.

तंत्रज्ञान या विनिमयात दलालासारखे आहे, आणि दलालाबद्दल जी सावधगिरी बाळगायची ती त्याच्याबद्दलही बाळगायला हवी. ते अनिश्चितता नाहीशी करत नाही, तिची जागा बदलते. २००६ मध्ये मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने संगणकाचा पडदा वाचून दाखवणारे एक सॉफ्टवेअर लिहायला घेतले, आणि जेम्स टे हा त्याचा मित्र, तोही अंधच, त्याला येऊन मिळाला. दोघांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या एका संगीत शिबिरात झालेली. बाजारात तशी सॉफ्टवेअर होती, पण त्यांची किंमत संगणकालाही मागे टाकेल अशी. ‘एनव्हीडीए’ नावाने निघालेले हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याची मूळ संहिता उघडी आहे, आणि त्याच्या जोडीने येणारा आवाज मराठीही वाचतो. आवाज गोड नाही, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे. सरावलेले लोक तो इतक्या वेगाने लावतात की शेजारच्याला शब्दही कळू नये. आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण. ‘सेकंड साइट’ या अमेरिकी कंपनीने ‘आर्गस टू’ नावाचे साठ इलेक्ट्रोडचे रोपण काढले, जे शस्त्रक्रिया करून डोळ्याच्या पडद्यावर बसवले जाई. युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१३ मध्ये त्याला परवानगी मिळाली. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते बसवून घेतले. काहींना उजेड, कडा, हलत्या आकृती दिसू लागल्या. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणे थांबवले, पुढच्या वर्षी ती दिवाळखोरीच्या काठावर गेली, आणि २०२२ मध्ये बातम्या आल्या तेव्हा जगाला कळले की लोकांच्या डोळ्यांत असे यंत्र आहे ज्याची दुरुस्ती करणारे आता कोणी नाही. पहिल्या आंधळेपणाला दैव म्हणता आले असते. दुसरा आंधळेपणा ताळेबंदातून आला.

या दोन उदाहरणांत भेद हुशारीचा नाही. हुशारी दुसरीकडेच अधिक होती. भेद साधन कोणाच्या हातात आहे याचा आहे. एनव्हीडीए उद्या बंद पडले तर त्याची संहिता उचलून दुसरा कोणी पुढे नेऊ शकतो, कारण ती लपवलेली नाही आणि वापरणाऱ्यांतच ती लिहू शकणारे आहेत. लुई ब्रेलचे तेच होते. १८०९ मध्ये जन्मलेला हा मुलगा वडिलांच्या खोगीर-कामाच्या कारखान्यात अरी लागून आंधळा झाला, पंधराव्या वर्षी त्याने सहा ठिपक्यांची लिपी जमवली, पण ज्या शाळेत तो शिकला आणि शिकवू लागला तिथे ती अधिकृत झाली १८५४ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. तोवर ती टिकली कशी? मुलांनी टिकवली. कागद आणि टोच्या एवढ्यावर ती लिहिता येत होती, कोणाची परवानगी लागत नव्हती. डोळसांना वाचता यावी म्हणून केलेली उठावाची अक्षरे शाळेच्या पसंतीची होती. बोटांना ठिपके पसंत होते. करण ज्याचे त्याला घडवता, मोडता आणि दुरुस्त करता येत नसेल, तर ते करण राहत नाही. कर्त्याच्या बाहेरून चालणारी, त्याला न विचारता थांबणारी ती एक शक्ती होते, आणि अशा शक्तीला आपण आजवर दैवच म्हणत आलो आहोत.

हे किती रोजचे आहे ते पाहायचे तर खाते उघडताना मोबाइल काय मागतो ते पाहावे. समोरचा माणूस जिवंत आहे, फोटो नाही, याची खात्री करण्यासाठी तो डोळ्यांची उघडझाप करायला सांगतो. अंध माणसाला चौकटीत चेहरा कुठे आहे ते कळत नाही. ॲसिड हल्ल्यात पापण्या जळलेल्या बाईला उघडझाप करताच येत नाही. जिवंत असल्याचा पुरावा म्हणून पापणी मागणारे हे तर्कशास्त्र कोणीतरी चांगल्या हेतूने, फसवणूक टाळायला लिहिले होते. अशा हल्ल्यातून वाचलेल्या महिला आणि एक दृष्टिहीन वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि वीस निर्देश दिले. या निकालाचे महत्त्व कायद्यापुरते नाही. वर्षानुवर्षे ‘सिस्टीम घेत नाही’ एवढ्या उत्तरावर लोक परत पाठवले जात होते. सिस्टीम हा आपल्या काळातला दैवाचा पर्यायी शब्द झाला आहे. तोही कर्ता लपवतो. न्यायालयाने कर्ता शोधून त्याच्या नावाने नोटीस काढली.

इथे श्रद्धावान वाचक विचारील की मग स्वीकाराचे काय. सगळ्या धर्मांनी, विशेषतः आपल्या संतपरंपरेने, जे वाट्याला आले ते शांतपणे घ्यायला शिकवले. फळावरचा हक्क सोडायला सांगितले. ज्याच्या मनाची ही घडी बसली त्यालाच अनिश्चितता छळत नाही. यंत्रे आणि निकाल जमवून कोणाला शांती मिळाली आहे? हा आक्षेप मी हलका मानत नाही. मणका तुटला आहे आणि तो जुळणार नाही, हे ज्या दिवशी माणूस मनोमन मान्य करतो त्या दिवशी त्याची सुटका सुरू होते, असे अपंगांच्या आत्मकथनांतून पुन्हा पुन्हा येते. पण त्या मान्यतेत मणका आहे, जिना नाही. जिना मान्य करायला सांगणारा माणूस संतांची भाषा बिल्डरच्या सोयीसाठी वापरतो. योगवासिष्ठात मुमुक्षू प्रकरणात वसिष्ठ रामाला बजावतात की दैव म्हणून वेगळे काही नाही, आधीच्या पौरुषालाच लोक दैव म्हणतात, आणि आजच्या पौरुषाने त्याला मागे सारता येते. हा विचार दुधारी आहे, हेही सांगितले पाहिजे. त्यातून उमेद मिळते तशीच ‘तुझ्याच मागल्या जन्मीचे’ हा ठपकाही मिळतो, आणि आपल्या समाजाने अपंगांना उमेद कमी, ठपका जास्त वाटला. पण ‘आधीचे पौरुष’ हे शब्द समाजाला लावून पाहा, म्हणजे वसिष्ठांचे वाक्य एकदम सरळ होते: आज जे दैव वाटते ते काल कोणीतरी केलेले काम आहे. नोटेची लांबी हे असेच आधीचे पौरुष.

वारकरी परंपरेत पैठणच्या कूर्मदासांची कथा सांगतात. त्यांना हात नव्हते, पाय नव्हते. ते लोळत, सरपटत पंढरीला निघाले. माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत आले आणि एकादशी गाठणे आता शक्य नाही हे त्यांना कळले. पुढे जाणाऱ्या वारकऱ्यांबरोबर त्यांनी निरोप धाडला, आणि विठ्ठलच लऊळला आला. कीर्तनात ही कथा भक्तीचे फळ म्हणून रंगते. मी ती अशी वाचतो की अंतर उरले होते आणि ते कोणीतरी चालायला हवे होते. ज्याला पाय होते तो चालला. देवाने कूर्मदासांना पाय दिले नाहीत, हे या कथेचे मला सर्वांत आवडणारे वैशिष्ट्य आहे. दुसरी एखादी परंपरा असती तर पाय फुटले असते आणि गर्दीने जयजयकार केला असता. इथे शरीर आहे तसेच राहिले, हलले ते देऊळ. अर्थात कथाकाराने कूर्मदासांना आधी लऊळपर्यंत लोळायला लावलेच; देव पैठणलाच आला असता तर कीर्तन दहा मिनिटांत संपले असते.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. मणका आणि जिना अशी वाटणी सोपी वाटते, पण दैव कुठे संपते आणि माणसाची करणी कुठे सुरू होते हे सांगणार कोण? पोलिओने पाय गेले, हे शरीराचे की व्यवस्थेचे? मला कबूल आहे की ही रेघ पक्की नाही. ती सरकते, आणि आतापर्यंत ती बहुतेक एकाच दिशेने सरकली आहे. ज्या घरात १९६० साली मुलाचे पाय लुळे पडले त्या घराने देवीला नवस बोलले, आणि त्या काळी दुसरे फारसे हातात नव्हते. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा रुग्ण सापडलेला नाही. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसे प्रमाणपत्र दिले. आज लस न मिळाल्याने मुलाचे पाय गेले तर त्याला दैव म्हणणारा माणूस खोटे बोलत असेल. रेघ पक्की नसणे हे रेघ न ओढण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट ती कोण ओढतो यावर लक्ष ठेवण्याचे कारण आहे. ज्याच्या अंगावर अनिश्चितता पडते त्याला ती ओढण्यात वाटा हवा, आणि अपंग उद्योजकाचे खरे महत्त्व मला इथे दिसते. तो विचारल्याशिवाय, परवानगीशिवाय रेघ सरकवून दाखवतो.

खर्चाचा मुद्दा मी लवकर संपवतो. २०११ च्या जनगणनेत अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, भरली. एवढ्यांसाठी सगळ्यांची व्यवस्था बदलायची का, असे विचारले जाते. तेव्हा मोजलेले प्रकार आठ होते, २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने एकवीस मान्य केले, हा एक भाग. दुसरा भाग कोणत्याही टपरीवर ऐकू येतो. मोबाइलवरून पाठवलेले पैसे जमा झाले की रक्कम मोठ्याने सांगणारा तो छोटा डबा गर्दीत मोबाइल पाहायला वेळ नसलेल्या दुकानदारासाठी निघाला. त्याने अंध विक्रेत्याचा नोटांचा प्रश्न जेवढा सोडवला तेवढा त्याच्यासाठी मुद्दाम केलेल्या ॲपने सोडवला नसावा. डोळस दुकानदाराची सोय आणि अंध दुकानदाराची गरज एकाच डब्यात मावतात, आणि त्याचा वेगळा खर्च कोणी मांडलेला नाही.

मग शेवटचा सल्ला उरतो, धीराचा. साधने येत आहेत, मने बदलतील, घाई करू नये. याला उत्तर कुष्ठरोगाच्या इतिहासात आहे, कारण पापाचे फळ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले गेले असा तो रोग. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनाची सुरुवात केली ती सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्यावर, असे सांगतात. तिथे बोटे झडलेल्या हातांनी विहिरी खणल्या, शेती केली, कारखाने चालवले, आणि भीक मागणे हे कुष्ठरोग्याचे विधिलिखित नाही हे रोग पूर्ण बरा करणाऱ्या औषधाची वाट न पाहता दाखवून दिले. मग ते औषधही आले. बहुऔषधी उपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली, भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तो १९८३ पासून आला, आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. कुष्ठरोग्यांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा रद्द झाला २०१६ मध्ये. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे एवढ्यावर घटस्फोट मागण्याची तरतूद आपल्या विवाहविषयक कायद्यांतून निघाली ती २०१९ मध्ये, औषध आल्यानंतर छत्तीस वर्षांनी.